फ्रांझ फॅनन फक्त हिंसेबद्दलच बोलतो का? वाचायला सुरुवात कुठून करावी?

वेंगुर्ल्याचो_वाचक

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या इथे वाचनालयात आम्ही सात-आठ जण दर महिन्याला जमतो, एक पुस्तक ठरवतो आणि त्यावर बोलतो. ह्या वेळेला माझ्याच आग्रहाखातर फ्रांझ फॅननचं 'द रेचेड ऑफ द अर्थ' घेतलं, इंग्रजीतून. पहिलं प्रकरण हिंसेवर आहे, ते वाचूनच दोघांनी पुस्तक खाली ठेवलं. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना मी खूप मानतो, ते म्हणाले की साने गुरुजी ज्या कोकणात जन्मले तिथे बसून आपण रक्तपाताचं समर्थन कशाला वाचायचं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणजे मनात होतं पण शब्द सापडेनात.

मला एवढं माहीत आहे की हा माणूस १९२५ ला मार्टिनिकमध्ये जन्मला, ते कॅरिबियनमधलं बेट तेव्हा फ्रान्सची वसाहत होतं, पोरवयात दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढला, जखमी झाला, मेडल मिळालं, मग लिऑनला डॉक्टर झाला, मानसोपचाराचा. पुढे अल्जेरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला आणि १९६१ च्या डिसेंबरात ल्युकेमियाने गेला, वय फक्त ३६.

प्रश्न दोन आहेत. एक, तो खरंच हिंसेचा प्रचारक आहे का, की आपण चुकीच्या टोकाकडून वाचतोय? आणि दुसरा, आपल्या कोकणातल्या माणसाला ह्यात स्वतःचं असं काय सापडेल? पुढच्या बैठकीला गुरुजी येणारेत, त्यांच्यासमोर वरवरचं बोलायचं नाहीये मला.

---

वॉर्ड_नंबर_चार

दादा, एक विनंती, पुस्तक मागच्या बाजूने उघडा. शेवटून दुसरं, पाचवं प्रकरण, वसाहतीचं युद्ध आणि मानसिक आजार. मी गेली बरीच वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात सोशल वर्करचं काम करतोय, कोकणातच, आणि मला फॅनन कळला तो तिथूनच.

त्या प्रकरणात सरळ केसपेपर आहेत. एक युरोपियन पोलीस इन्स्पेक्टर, दिवसभर कैद्यांचा छळ करणं हेच काम, आणि घरी आला की बायकोला मारतो, पोरांना मारतो, अगदी तान्ह्या लेकरालाही. त्यालाच कळेना आपल्याला काय झालंय. तो येतो आणि डॉक्टरला म्हणतो मला बरं करा, पण नोकरी सोडायची त्याची तयारी नाही, त्याला एवढंच पाहिजे की मनाला न टोचता, शांत डोक्याने छळ करता यावा. आता अशा माणसाला बरं करणं म्हणजे काय करणं? ह्या प्रश्नापाशी मी कितीतरी वेळ थांबलो होतो. दुसरी केस दोन अल्जेरियन पोरांची, १३ आणि १४ वर्षांची. त्यांनी त्यांच्याच वयाच्या युरोपियन मित्राला मारलं, ज्याच्यासोबत रोज खेळायचे, बेचकी घेऊन शिकारीला जायचे. का मारलंत विचारलं तर म्हणतात मोठ्या माणसांना मारणं आम्हाला जमलं नसतं, आणि हा आमचा मित्र होता, बोलावलं की आमच्याबरोबर यायचा. फॅनन हे कुठेही रंगवून सांगत नाही, नुसतं नोंदवतो. ज्याला हिंसेचं कौतुक आहे तो माणूस आपल्याच बाजूच्या पोरांची अशी केस स्वतःच्या पुस्तकात छापेल का? गुरुजींना हे प्रकरण वाचायला द्या, बाकीचं आपण नंतर बोलू.

आता तो डॉक्टर म्हणून काय करत होता ते सांगतो, कारण त्याचं राजकारण तिथूनच येतं. फ्रान्समध्ये सेंट आल्बांच्या हॉस्पिटलात तो तोस्केय्येस नावाच्या स्पेनमधून पळून आलेल्या डॉक्टरच्या हाताखाली शिकला. त्यांचं म्हणणं असं की पेशंटच्या आधी हॉस्पिटल बरं करा, म्हणजे तिथलं रोजचं जगणं, कोण कोणाशी बोलतं, निर्णय कोण घेतं, हे सगळं बदला. १९५३ ला फॅनन अल्जेरियात ब्लिदाच्या हॉस्पिटलात आला आणि हेच तिथे करून बघितलं. त्याच्याकडे १६५ युरोपियन बायका होत्या आणि २२० मुसलमान पुरुष. बायकांच्या वॉर्डात सभा, सिनेमा, स्वतःचं छोटं वर्तमानपत्र, सण, सगळं छान चाललं. पुरुषांच्या वॉर्डात मात्र अगदी फसलं, कोणी बोलेना, कोणी सभेला येईना, विणकामाला बसवलं तर उठून गेले. तिथले जुने डॉक्टर, अल्जीयर्स स्कूल म्हणायचे त्यांना, पोरो नावाचा त्यांचा प्रमुख, ते वर्षानुवर्षं लिहीत आलेले की उत्तर आफ्रिकेतल्या माणसाचा मेंदूच मागासलेला. फॅननने उलट लिहिलं, की दोष आमच्या पद्धतीत होता, आम्ही फ्रेंच सण फ्रेंच पद्धतीने ह्या शेतकऱ्यांवर लादले, बायकांची कामं पुरुषांना दिली, ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्या हातात पेपर दिला. मग त्याने वॉर्डात त्यांच्याकडचं असतं तसं कॉफीचं दुकान सुरू केलं, गोष्टी सांगणाऱ्याला बोलावलं, फुटबॉलचं मैदान केलं, ईद साजरी केली, आणि माणसं हळूहळू बोलायला लागली.

ह्यातलं मी रोज बघतो. आमच्याकडे मागे एक आजोबा होते, मालवणाकडचे, केसपेपरवर लिहिलेलं की पेशंट उत्तर देत नाही. डॉक्टर तरुण, भला माणूस, पण विचारणार हिंदीत, फार तर पुस्तकी मराठीत. दुपारी जेवण वाढणारी बाई त्यांच्याजवळ थांबली आणि म्हणाली, "काय ओ आजोबा, जेवक नाय तुमी? माशे नाय म्हणान?" आणि आजोबांनी तिला पाऊण तास सगळं सांगितलं, पोरगा कुठे असतो, वाडीतली जमीन कोणी लिहून घेतली, रात्री कोण हाका मारतं, सगळं. केसपेपरवर ज्याला लक्षण म्हणून लिहिलं होतं तो त्यांचा अपमान होता. फॅननला स्वतःला अरबी येत नव्हतं, नर्सच्या मार्फत बोलायला लागायचं, आणि ह्याने उपचारात काय काय बिघडतं ते तो लिहून ठेवतो. नंतर एका सहकाऱ्याबरोबर त्याने मुसलमान बायकांवर चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावायची टेस्ट करून बघितली, त्या बायकांना गोष्टी सुचेनात, कारण चित्रातली घरं, कपडे, खोल्या कशाचाच त्यांच्या जगण्याशी संबंध नव्हता.

१९५६ ला त्याने राजीनामा दिला, तिथल्या फ्रेंच मंत्र्याला पत्र लिहून. त्यातला मुद्दा असा की मानसोपचाराचं काम माणसाला त्याच्या जगात परका वाटू न देणं हे असेल, तर जो माणूस स्वतःच्याच देशात कायमचा परका करून ठेवलाय त्याच्यावर मी कसला उपचार करू. पुढच्या जानेवारीत त्याला देशाबाहेर काढलं. तो ट्युनिसला गेला, तिथे दिवसा यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं असं मानसोपचाराचं सेंटर चालवलं, आणि बरोबरीने अल्जेरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आघाडीच्या पेपरात लिहायचा. दोन्ही कामं एकाच वेळी, हे विसरू नका.

---

कुळवाडी

वॉर्डवाल्या दादांनी फार चांगलं लिहिलंय, ते आजोबांचं वाचून तर मी फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. पण मला वाटतं हिंसेच्या प्रश्नाला थेट भिडायला पाहिजे, नाहीतर गुरुजी म्हणतील तुम्ही बगल दिलीत.

पहिल्या प्रकरणात फॅनन काय सांगतो ते बघा. वसाहतीतलं जग दोन तुकड्यांत कापलेलं असतं, एक गाव गोऱ्यांचं, दिव्यांचं, डांबरी रस्त्यांचं, पोट भरलेलं, दुसरं गाव भुकेलं, एकमेकांच्या अंगावर रचलेलं, आणि मधे पोलीस आणि सैन्य. म्हणजे हिंसा कोणी सुरू करायची राहिलेलीच नाही, ती सकाळ-संध्याकाळ चालूच आहे. दबलेल्या माणसाच्या अंगात ती साठत जाते आणि आधी बाहेर पडते ती शेजाऱ्यावर, भावावर, क्षुल्लक कारणावरून सुरा निघतो. आणि तो असंही म्हणतो की लढण्याने दबलेल्या माणसाच्या मनातली भीती आणि न्यूनगंड सुटतो. हे वाक्य त्याचंच आहे, त्यावर पांघरूण घालू नये. पण पुढच्याच प्रकरणात तो बजावतो की नुसत्या द्वेषावर आणि सूडावर मुक्तीची लढाई टिकत नाही, लोकांना शिकवावं लागतं, संघटना बांधावी लागते. गडबड झाली ती पुस्तकाला सार्त्र ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलेल्या प्रस्तावनेने, ती फॅननपेक्षा जास्त भडक आहे आणि बरेच जण तेवढीच वाचून मत बनवतात. हॅना आरेंट ह्या राजकीय विचारवंत बाईने हिंसेवर लिहिताना फॅननवर कडक टीका केली, पण तिनेही मान्य केलं की फॅनन स्वतः त्याच्या भक्तांपेक्षा हिंसेबद्दल जास्त साशंक होता. फॅननच्या बायकोने तर नंतरच्या फ्रेंच आवृत्तीतून ती प्रस्तावनाच काढायला लावली, सार्त्रने १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलची बाजू घेतली म्हणून.

आता कोकण. आपल्याकडे ती दोन तुकड्यांची भिंत खोत आणि कूळ ह्यांच्यात होती. माझे आजोबा खोताच्या अंगणात चपला काढून, लांब उभे राहून बोलायचे, भात मळून झालं की आधी खोताचा वाटा, त्यात कोंबडी, त्यात वेठ, आणि वर हे सगळं देवाने ठरवलंय असा विश्वास. चरीचा संप आठवा, अलिबागजवळचा. १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. सहा वर्षं म्हणजे काय, लोकांनी लाकूडफाटा विकून, मजुरी करून दिवस काढले पण मागे हटले नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं मुंबईत मोर्चाने गेली. खोती रद्द करायचा कायदा झाला तो १९४९ ला.

इथे मी फॅननपासून थोडा वेगळा होतो. महाडला १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली, आपल्या लोकांची संख्या मोठी होती, उलट मारायला एक शब्द पुरला असता, आणि बाबासाहेबांनी तो दिला नाही. तरी त्या दिवशी ती माणसं आतून बदलली की नाही? फॅनन जे मनातलं सुटणं म्हणतो ते तिथे घडलं, हात न उचलता. आणि चरीत घडलं नांगर न उचलता. म्हणून मी म्हणतो की फॅननचं निदान पूर्ण घ्या, औषध मात्र आपल्या मातीतलं तपासून घ्या. तो ज्या अल्जेरियात उभा होता तिथे कायदेमंडळात जाऊन बिल मांडायची वाट बंद होती, हा फरक पण गुरुजींना सांगा, तेवढं त्याच्या बाजूने न्यायाचं आहे.

---

लाटेपलीकडे

मी फॅननचंच एक वेगळं पुस्तक सुचवते, १९५९ चं, इंग्रजीत 'अ डाइंग कलोनिअलिझम' नावाने मिळतं. त्यातला रेडिओवरचा निबंध वाचा, छोटा आहे आणि वाचनालयात मोठ्याने वाचण्यासारखा आहे. अल्जेरियन घरांत रेडिओ घेतच नसत, कारण रेडिओ म्हणजे फ्रेंचांचा आवाज. १९५६ च्या शेवटी स्वातंत्र्य आघाडीचं 'व्हॉइस ऑफ अल्जेरिया' सुरू झालं आणि दुकानातले सगळे सेट संपले. फ्रेंच सरकार लहरी जॅम करायचं, नुसता खरखराट. मग खोलीत एक जण सेटला कान लावून बसायचा, तुटक तुटक शब्द ऐकायचा, आणि बाकीचे विचारायचे अमुक डोंगरात काय झालं, लढाई झाली का, आणि तो जे ऐकू आलं नाही ते स्वतः जोडून सांगायचा. त्याला खोटारडा म्हणायचं का? फॅनन म्हणतो त्या खरखराटातून लोक आपला देश ऐकत होते. मी हे माझ्या आईला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली आमच्या वाडीत पण एकच रेडिओ होता आणि सगळी त्याच्याभोवती.

पण दोन गोष्टी खटकतात आणि त्या पण बैठकीत यायला हव्यात. त्याच पुस्तकात तो अल्जेरियन बायकांबद्दल लिहितो, बुरखा काढून युरोपियन वेशात बॉम्ब नेणाऱ्या, परत बुरखा घालून शस्त्रं लपवणाऱ्या, आणि त्याला वाटतं की ह्या लढ्यात बाईचं जुनं जिणं मोडलंय, आता ते परत येणार नाही. १९६२ ला स्वातंत्र्य आलं, तो तेव्हा नव्हता, आणि बायकांना घरी पाठवलं. १९८४ च्या कुटुंब कायद्याने लग्नासाठी बाईला पुरुष पालक लागेल असं लिहून टाकलं. लढाईत बाई पुढे असली म्हणून नंतर तिचा वाटा आपोआप मिळत नाही, हे आपल्याला संपातल्या आणि मोर्चातल्या बायकांवरून माहितीये, त्यांची नावं कुठल्या फलकावर आहेत सांगा. दुसरं, अबान रमदान नावाचा आघाडीचा नेता, फॅननचा जवळचा, त्याला आघाडीतल्याच लोकांनी १९५७ ला मारलं आणि पेपरात छापलं की लढताना शहीद झाला. फॅनन गप्प राहिला. मला हा माणूस खूप आवडतो, म्हणूनच हे सांगते.

---

तारकर्ली_रिटर्न

मी एवढं वाचलेलं नाही पण तिसरं प्रकरण सोडू नका, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातल्या श्रीमंत वर्गावरचं. तो म्हणतो की हा वर्ग काही पिकवत नाही, काही बनवत नाही, नुसता मधला दलाल होतो, आणि पाश्चात्त्य श्रीमंतांच्या मौजेसाठी रिसॉर्ट काढतो आणि त्याला टुरिझम हे नाव देऊन राष्ट्रीय उद्योग म्हणतो. १९६१ ला लिहिलंय हे!! मी स्वतः किनाऱ्यावर होमस्टे चालवतो, चार पैसे मिळतात, पोरं शिकतायत, त्यामुळे टुरिझम वाईट असं मी म्हणणार नाही. पण आमच्या वाडीत समुद्राकडच्या जमिनी एकामागोमाग गेल्या आणि प्रत्येक सौद्यात एजंट आपलाच, गावातला, ओळखीचा, काका म्हणून हाक मारणारा. ज्याने माड विकले तो आता त्याच जागेत गाडी पार्क करायला शिट्टी मारतो. हे वाचताना मला त्या प्रकरणातली पानं अंगावर आली.

---

वेंगुर्ल्याचो_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कुळवाडी दादा, महाड आणि चरी ह्यांचा धागा मी नक्की मांडणार, गुरुजी स्वतः कुळाच्या घरातले आहेत. लाटेपलीकडे ताई, रेडिओचा निबंध मागवलाय.

अजून एक विचारू का? मी तालुक्याला शाळेत असताना वर्गात "माका येना नाय" म्हटलं की उभं करायचे आणि सगळी हसायची. घरी आईपण पाहुणे आले की माझ्याशी मालवणी बोलायची नाही. चाकरमानी गणपतीला येतात आणि आठ दिवसांत पोरांची बोली बदलून जाते. ह्याबद्दल फॅनन काही म्हणतो का?

---

वॉर्ड_नंबर_चार

म्हणतो! त्याचं पहिलं पुस्तक, 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स', १९५२, त्यातलं पहिलंच प्रकरण भाषेवर आहे. मार्टिनिकमध्ये घरात क्रेओल, म्हणजे तिथली बोली, बोललं की आया रागवायच्या, शाळेत तुच्छ मानायचे, आणि जो फ्रान्सला जाऊन आला तो बोटीवरून उतरताच बदललेला, क्रेओल कळतच नाही असं दाखवणारा. त्याने तिथली एक लोककथा दिलीये: शेतकऱ्याचा मुलगा काही महिने फ्रान्सला राहून घरी येतो, शेतात एक अवजार दिसतं, बापाला विचारतो ही वस्तू काय म्हणायची. म्हातारा काही बोलत नाही, ते अवजार उचलतो आणि त्याच्या पायावर टाकतो. लगेच सगळं आठवतं.

पण त्या पोराला हसून तो सोडून देत नाही हे महत्त्वाचं. तो विचारतो की ह्याला असं वागावंसं का वाटलं, कोणत्या जगात आपली बोली टाकल्यावरच माणूस म्हणून मोजतात. म्हणजे चाकरमान्यावर चिडू नका आणि तुमच्या आईवर तर मुळीच नको, तिने पाहुण्यांसमोर तुम्हाला वाचवलं तिच्या परीने. फॅनन स्वतः ह्याच शाळेतून आलेला होता, घरात पोरांना नीट फ्रेंच बोला म्हणणारं वळण, एमे सेझेर हा कवी त्यांच्या हायस्कूलमध्ये शिकवायला होता म्हणून डोळे उघडले. काळ्या माणसाला गोऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघायची सवय लागते आणि ती सवय कातडीत मुरते असं तो म्हणतो. तुम्ही वर्गात उभे होतात तेव्हा हसणाऱ्यांतली निम्मी पोरं घरी मालवणीच बोलत असणार, बरोबर ना?

---

कुळवाडी

भर घालतो. इंग्रजीत दोन दोन भाषांतरं मिळतात. 'रेचेड'चं जुनं कॉन्स्टन्स फॅरिंग्टनचं आणि २००४ चं रिचर्ड फिलकॉक्सचं, गटात वाचायला मला दुसरं सोपं गेलं. आणि एक धागा जोडून ठेवा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवाल्यांनी १९६६ पासून हे पुस्तक पारायणासारखं वाचलं आणि त्यांच्यावरून नाव घेऊन मुंबईत १९७२ ला दलित पँथर उभी राहिली. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८७३ ला, फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. हे येणं-जाणं जुनं आहे, तिकडचं पुस्तक इकडे कशाला असं कोणी म्हटलं तर हे सांगा.

---

वेंगुर्ल्याचो_वाचक

हो दादा, घरी सगळी मालवणीच बोलायची, हसणारी पण.

ठरलं मग. बैठकीत पाचव्या प्रकरणातल्या त्या दोन केस आधी वाचणार, इन्स्पेक्टरची आणि त्या दोन पोरांची, मग पहिलं प्रकरण, आणि सार्त्रची प्रस्तावना सगळ्यात शेवटी. रेडिओचा निबंध वाचनालयात ज्या काकी पुस्तकं देतात त्यांना वाचायला सांगणार, त्यांचा आवाज चांगला आहे. आणि चर्चा मालवणीत करूया असं आजच गुरुजींना फोन करून म्हटलं, ते म्हणाले "करूया मा, माका तर सोपा जायत, पण ता पाचवा प्रकरण आधी माका झेरॉक्स काडून दी, वाचल्याशिवाय मी बोलाचंय नाय."